बोल्टाखालचा रंग

कारखान्यात सगळे त्याला भिंगरी म्हणायचे. पायाला भिंगरी लागलेली माणसं जगात पुष्कळ असतात, पण ती निदान कुठेतरी जायला निघालेली असतात. हा एका जागी उभा असला तरी फिरत असायचा. बाटल्या भरायच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढली, आणि तेवढ्या काळात त्याला बसून डबा खाताना पाहिल्याचं कोणी शपथेवर सांगणार नाही. एका हातात घास, दुसऱ्या हातात पक्कड. मोटर बंद पडली की बाकीचे पॅनेलकडे धावायचे, हा आधी मोटरीच्या अंगाला हाताची पालथी बाजू लावायचा, पोराचा ताप बघतात तशी. काम एकदम चोख. खोड एकच होती: बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करून झालं की तो चालू असलेल्या यंत्राकडे वळायचा.

"अरे, ते व्यवस्थित चाललंय ना?" साहेब विचारायचे.

"चाललंय. म्हणूनच बघतोय," तो म्हणायचा.

दुसरी खोड शब्दाची. कोणीही, कशालाही हाक मारली की त्याचं उत्तर ठरलेलं असे: "आलोच." जेवायला वाढलंय, आलोच. पाहुणे निघालेत, आलोच. बायको सांगते की लग्नाच्या दिवशीसुद्धा फोटोवाल्याने बोलावलं तेव्हा हा मांडवातला दिवा सारखा मिणमिणतोय म्हणून स्टुलावर चढला होता, आणि तिथून आलोच म्हणाला. तो फोटो अजून आहे. त्यात ती आहे आणि शेजारी एक रिकामी जागा आहे.

असा माणूस निवृत्त झाला की काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्याने पहिल्या महिन्यात पंखे उघडले, दुसऱ्यात मिक्सर आणि भिंतीवरचं घड्याळ. तिसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंटा. पुढे कोणी न सांगता त्याने चालू लिफ्ट दुरुस्त केली, ती दोन दिवस बंद राहिली, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींना खुर्चीत बसवून खाली आणावं लागलं. सोसायटीचे सेक्रेटरी त्याच्याकडे न जाता बायकोकडे आले आणि म्हणाले, वहिनी, साहेबांना कशात तरी गुंतवा.

हसण्यासारखं आहे, पण त्याचं त्याला हसू येत नव्हतं. त्याचे वडील निवृत्त झाल्यावर खिडकीपाशी एक वेताची खुर्ची घेऊन बसले. कुठलाही आजार नव्हता. सात महिन्यांत ते त्याच खुर्चीत गेले. तेव्हापासून आपण बसलो की संपलो, असं त्याच्या मनाने धरून ठेवलं होतं. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. दुपारी घर शांत झालं की त्याची छाती धडधडायची आणि हात काहीतरी शोधायला लागायचे.

म्हणून त्याने घरगाडी घेतली. एका शाळेची जुनी छोटी बस होती. आतल्या बाकड्यांच्या जागी दोन पलंग, ओटा, बेसिन, छोटा फ्रिज आणि गुडघे पोटाशी घेतले तर अंघोळ होईल एवढं न्हाणीघर. आठवडाभर इथे, पंधरा दिवस तिथे. लेकीने फोनवर डोक्याला हात लावला असणार, तो त्याला दिसला नाही एवढंच. बायकोने मात्र विचार करून होकार दिला. ती नोंदणी कार्यालयात सव्वीस वर्षं एकाच टेबलावर, एकाच खिडकीशेजारी बसलेली बाई. तिला रोज तेच झाड बघायला आवडायचं. तरी ती म्हणाली, चला, तुम्ही घरात भिंती ठोकत फिरण्यापेक्षा बरं. पण कार्यालयातली शिस्त तिने घरगाडीतही आणली.

"आमच्याकडे तीन नोटिसा देत. तिसरीनंतर कारवाई," ती म्हणाली. "तीनदा वीज गेली की गाडी विकायची आणि घरी जायचं. मग आलोच-बिलोच चालणार नाही."

तो हसत हो म्हणाला. ज्याने अख्खा कारखाना चालता ठेवला त्याला एका बसची काय भीती?

पहिली नोटीस दुसऱ्याच महिन्यात मिळाली. तिच्या केसांना शाम्पू लागलेला असताना पाणी थांबलं, कारण पंपाची तार याने "नुसती बघायला" काढली होती. दुसरी त्यानंतर चार महिन्यांनी: सकाळी फ्रिज उघडला तर दूध फाटलेलं आणि भाज्यांनी मान टाकलेली. तेव्हा त्याने चांगला चालणारा मुख्य स्विच काढून त्याहून चांगला बसवला होता. दोन्ही वेळा ती ओरडली नाही. वहीत तारीख लिहिली आणि वही उशाखाली ठेवली. ती वही त्याला कोर्टाच्या समन्ससारखी वाटायची.

आणि आता ही तिसरी.

तळ्याकाठच्या मोकळ्या मैदानात गाडी उभी होती. शेजारी तशीच एक गाडी होती, तिच्यात एक निवृत्त बसचालक आणि त्याची बायको राहत. सगळे त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणत. सकाळी दहाला दोघी बायका बांधावरून तळ्यापलीकडच्या बाजारात गेल्या. जाताना भिंगरीची बायको एवढंच म्हणाली, की कशाला हात लावू नका. गेले आठ दिवस ती अशीच मोजकं बोलत होती. काय झालं विचारलं की काही नाही म्हणायची. आणि त्याला ते पुरायचं.

खरं सांगायचं तर त्याने त्या दिवशी कशालाही हात लावला नव्हता. तो पाणी प्यायला उठला. नळ सोडला तर नळ दोनदा खोकला आणि बंद झाला. ओट्यावरचा दिवा पिवळा झाला, लाल झाला, गेला. मागे फ्रिजची घरघर चालू होती, तीही थांबली. घरात इतकी शांतता झाली की त्याच्या पाचावर धारण बसली.

त्याने घड्याळ पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं. बाजार, घासाघीस, परतीचा बांध. साडेअकरापर्यंत ती येणार. म्हणजे हातात सत्तर मिनिटं. ती यायच्या आत वीज आली नाही तर गाडी गेली, आणि गाडी गेली म्हणजे तिसरा मजला, ती दुपार आणि ती खुर्ची.

पलंगाखालची फळी उचलून त्याने घराची बॅटरी उघडी केली. इंजिनाची बॅटरी वेगळी होती, तिचा या भानगडीशी संबंध नव्हता. लेकीने वाढदिवसाला दिलेला नवा मीटर लावला. बारा पूर्णांक सात व्होल्ट. बॅटरी ठणठणीत. मग फ्यूज. एकेक काढून उजेडाकडे धरला, सगळे शाबूत. तरी पुन्हा एकदा काढले, पुन्हा धरले. फ्यूजच्या पेटीपाशी मीटर टेकवला: बारा पूर्णांक सात. पंपाच्या तारेवर बारा पूर्णांक सात, दिव्याच्या होल्डरमध्येही तेच. जिथे बघावं तिथे वीज हजर होती आणि दिवा लागत नव्हता. त्याने मीटर उलटासुलटा करून पाहिला, त्यातले सेल बदलले. मधेच उठून बांधाकडे बघून आला. बांधावर एक सायकल होती, बाकी कोणी नव्हतं.

मग त्याने सगळा मुख्य स्विच उघडला, जो दुसऱ्या नोटिशीला कारणीभूत झाला होता. तो निर्दोष होता. तो परत बसवताना एक स्क्रू हातून सुटून फटीत गेला, तो शोधण्यात सहा मिनिटं गेली, आणि सापडल्यावर लक्षात आलं की त्या स्क्रूवाचून चाललं असतं.

खुडबुड ऐकून ड्रायव्हरसाहेब दारात आले. हा माणूस भिंगरीच्या बरोबर उलटा. तीस वर्षं बस चालवून झाल्यावर आता त्याला चालणं म्हणून नको होतं. पायरीवर टेकून त्याने सगळी हकिगत ऐकून घेतली आणि निदान सांगितलं: बॅटरी गेली. मीटर म्हणतो चांगली आहे, असं भिंगरीने सांगितलं. मीटरचं काय घेऊन बसलात, ड्रायव्हरसाहेब म्हणाले, आणि स्वतःच्या गाडीतली बॅटरी काढून न्या म्हणाले. स्वतः उठले नाहीत, पण मनापासून म्हणाले. भिंगरीने ती जड बॅटरी पोटाशी धरून आणली, तारा जोडल्या, स्विच दाबला. दिवा एकदा लालसर झाला आणि विझला. दुसऱ्याच्या बॅटरीने तिच्या घरात सुखाने दिवे लावले होते, इथे येऊन तिनेही मान टाकली. ती सोडवून त्याने आपलीच परत जोडली.

अकरा वाजले होते.

"हे बघा," ड्रायव्हरसाहेब आवाज खाली आणून म्हणाले, जणू तळ्यापलीकडे ऐकू जाईल. "वहिनींना सांगायचं, बॅटरी जुनी होती, आपोआप गेली. त्यात तुमचा काय दोष? आपोआप गेलेलं नोटिशीत धरत नाहीत."

ते ऐकून त्याला जरा बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची लाजही वाटली. तो हत्यारांची पेटी उगाच उपसत राहिला. पाने, पकडी, चिकटपट्टी, अर्धवट पॉलिश पेपर. तळाशी कापडात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. मोटारीच्या पुढच्या दिव्याचा एक जाडजूड बल्ब, आणि त्याला सोल्डर केलेल्या दोन तारा.

तो बल्ब कारखान्यातल्या म्हाताऱ्या मेस्त्रींचा. नवीन असताना भिंगरी मीटर घेऊन सगळीकडे नाचायचा, तेव्हा मेस्त्रींनी तो त्याच्या हातात दिला होता. मीटर काही ओढत नाही रे, ते म्हणायचे. नुसतं विचारतो, आहेस का? तर खराब तारसुद्धा म्हणते, आहे. तिच्यावर ओझं टाक आणि मग बघ. भिंगरी पुढे वर्षानुवर्षं हेच इतरांना शिकवत आला. आणि चकचकीत मीटर आल्यावर तो बल्ब पेटीच्या तळाला गेला, तसा हा धडाही.

त्याने बल्बची एक तार बॅटरीच्या लाल टोकाला लावली, दुसरी काळ्या टोकाला. डोळे दिपतील असा लागला. मग दुसरी तार काळ्या टोकावरून काढून गाडीच्या लोखंडाला, पलंगाच्या पायाजवळच्या एका उघड्या बोल्टला टेकवली. बल्बच्या पोटात नुसता निखारा दिसला.

गाडीत वीज तारेतून जाते, पण परत येते गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून. सांगाड्यातून बॅटरीपर्यंत आणणारी एकच जाड काळी तार असते आणि ती खाली एका बोल्टला आवळलेली असते. जायचा रस्ता मोकळा होता. परतीचा बंद होता. पाऊण तास तो घरातल्या फटी धुंडाळत होता आणि दुखणं पायाखाली होतं, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तो गाडीखाली सरकला आणि वर बघताच थांबला.

वर सगळं चंदेरी होतं. रंग इथून तिथून सारखा, एक ओघळ नाही, ब्रशचा एक केस चिकटलेला नाही. त्याचंच काम. आधी तांबड्या रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर चंदेरी, गंज धरू नये म्हणून. दुसरा कोणी असता तर बोल्टावरून ब्रश फिरवून मोकळा झाला असता आणि काही बिघडलं नसतं. पण याला ते ओबडधोबड वाटलं. त्याने बोल्ट खोलला, तारेच्या टोकाची तांब्याची कडी तात्पुरती दुसऱ्या बोल्टाला अडकवली, तिच्या जागचं लोखंड घासून त्यावर दोन हात रंग दिला, वाळू दिला, आणि वर कडी परत ठेवून बोल्ट पुन्हा घट्ट केला. कडी आणि लोखंड यांच्यामध्ये त्याने स्वतःच्या हाताने रंगाचा पडदा घातला. आठ दिवस बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम वीज परतत राहिली, बोल्ट तापत राहिला, आज तेही संपलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

आठ दिवस. पाठीवर पडल्यापडल्या त्याने ते मोजले आणि त्याला तो दिवस आठवला.

त्या दिवशी सकाळी बायकोला फोन आला होता. तिच्या पलीकडच्या टेबलावरची मैत्रीण गेली. सव्वीस वर्षं दोघींच्या टेबलांमध्ये एक फाइलींचं कपाट, आणि त्यावरून डबे इकडून तिकडे. बातमी चार दिवस उशिरा आली होती, सगळं आटोपलेलं होतं, जाण्यात काही अर्थ उरला नव्हता. बायको फोन ठेवून तळ्याकाठी दोन खुर्च्या मांडून बसली आणि म्हणाली, अहो, जरा बसता का माझ्यापाशी? तो म्हणाला, आलोच. तिचा चेहरा बघून त्याचे हात शोधायला लागले होते. तो रंगाचा डबा घेऊन गाडीखाली गेला आणि तीन दिवस खालीच राहिला. जेवायला, झोपायला बाहेर यायचा तेवढंच. चौथ्या दिवशी त्याने रंग कसा झालाय ते तिला वाकून बघायला सांगितलं. तिने वाकून बघितलं. छान झालाय, म्हणाली. खुर्च्या आत आणून ठेवल्या.

गाडीखाली त्याला ते सगळं पुन्हा दिसायला लागलं. पण हात आपलं काम करत होते. बोल्ट खोलला. पॉलिश पेपरने रंग खरवडला, चंदेरी गेला, तांबडा गेला, लोखंड आरशासारखं चमकलं. कडी घासली. बोल्ट आवळला. वर आपल्या घरात फ्रिज घरघरला आणि पंप गुरगुरून थांबला. त्याच्या तोंडावर रंगाचा भुगा पडला होता.

तो बाहेर आला तेव्हा साडेअकराला दहा मिनिटं कमी होती. ड्रायव्हरसाहेबांनी आत डोकावून दिवा बघितला आणि समाधानाने मान हलवली. त्यांच्या मते आता बॅटरीचीसुद्धा थाप मारायची गरज नव्हती. फ्रिज थंड आहे, नळाला पाणी आहे, कुठे काय झालंय? स्वतःची बॅटरी उचलून घेऊन ते पहिल्यांदाच भराभर चालत निघून गेले. बांधावर दोन छत्र्या दिसायला लागल्या होत्या.

त्या दहा मिनिटांत भिंगरी किती फिरला त्याची गणती नाही. दारापासून ओट्यापर्यंत चार पावलं, ओट्यापासून दारापर्यंत चार. त्याने पेटी आवरली, पुन्हा उपसली, पुन्हा आवरली. गप्प राहिला तर काहीच होणार नव्हतं. वहीत दोनच तारखा राहणार होत्या. गाडी राहणार, रस्ते राहणार, आणि तळ्याकाठी तिची ती दुसरी खुर्चीही तशीच रिकामी राहणार. त्या लग्नातल्या फोटोसारखी, हेही त्याच्या मनात आलं आणि ते त्याला चांगलंच लागलं.

ती आली. पिशवी ओट्यावर ठेवली, नळ सोडून हात धुतले. नळ शहाण्यासारखा वाहिला. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवताना तिने मागे न बघता विचारलं, की तोंडाला काय लागलंय.

"वीज गेली होती," तो म्हणाला.

तिचा हात फ्रिजच्या दारावर थांबला.

"आता आहे की."

"तासभर गेली होती. तिसऱ्यांदा. मी दुरुस्त केली, पण घालवलीही मीच." आणि मग त्याने बोल्टाचं सगळं सांगितलं, कडी, रंग, परतीचा रस्ता. तिला त्यातलं अर्धंच कळलं असेल. मग तो थांबला, आणि जे सांगायचं होतं ते त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. "तू बस म्हणालीस ना, तेव्हा मी ते रंगवत होतो. मला बसवेना. तू रडशील आणि मला काही करता येणार नाही, याची भीती वाटली. मला बसायचीच भीती वाटते गं. बाबा बसले आणि गेले."

पस्तीस वर्षांत हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं. मग तिने उशाखालून वही काढली, पेन शोधलं, आणि तारीख लिहिली. तिसरी. तिने वही मिटून बाजूला ठेवली.

"गाडीचं काय करायचं ते उद्या बघू," ती म्हणाली. "माझ्या मैत्रिणीबद्दल तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

त्याने खुर्च्या काढल्या. दोन्ही. तळ्याकाठी सावलीत मांडल्या आणि एकीत तो बसला, काठावर, परीक्षेला बसल्यासारखा. ती दुसरीत बसली.

"तुझी काय अवस्था झाली होती त्या दिवशी?" त्याने विचारलं. "काही नाही म्हणू नकोस."

या वेळी ती 'काही नाही' म्हणाली नाही. आधी सावकाश, मग भराभर सांगायला लागली. फाइलींच्या कपाटावरून डबे कसे सरकवायच्या, एकदा आमटी सांडून कोणाच्या तरी दाखल्यावर कसा डाग पडला आणि दोघींनी मिळून तो कसा पुन्हा लिहून काढला, शेवटचा फोन कधी झाला आणि आपण घाईत तो कसा लवकर ठेवला. इथे आल्यावर ती रडायला लागली. त्याचे हात मांडीवरून उठले, काही सापडेना म्हणून परत मांडीवर आले. छाती धडधडत होती. तो बसून राहिला.

मागे गाडीत पंप मधेच गुरगुरला. नळ बंद असताना पंप वाजला म्हणजे कुठेतरी पाणी झिरपतंय. थोड्या वेळाने पुन्हा गुरगुरला. त्याची मान नकळत तिकडे वळली. तिने ते पाहिलं, आणि बोलता बोलता थांबली. इतक्या वर्षांच्या सवयीने पदराने डोळे पुसले.

"जाऊन या," ती म्हणाली.

तो उठला नाही. पंप तिसऱ्यांदा वाजला.

"वाजू दे," तो म्हणाला. "तू फोन ठेवलास. पुढे?"